दोन नंबरचं इंजिन

टल्साच्या विमानतळावर, बी-अकरा गेटपाशी,
मी विमानं मागे ढकलतो. बावीस वर्षं.
कानावर हेडसेट, त्याची वायर विमानाच्या नाकात,
वर कॅप्टन, खाली मी,
मध्ये डांबरावरची जुलैची वाफ.

कंपन्या एक झाल्या तेव्हा आधी शेपट्या रंगवल्या.
मग टोप्या बदलल्या, मग कॉफीचे कागदी कप.
आता कोण उत्तरेचा आणि कोण आमच्यातला
हे बिल्ल्यावरून कळत नाही.
मला कळतं. मी ऐकतो.

आमचे लोक ढकलता ढकलताच दोन्ही इंजिनं लावायचे,
सगळ्या घरात दिवे लावून एकाच खोलीत बसावं तसे.
उत्तरेचे एकच लावायचे,
लंगडी घालत निघायचे
रांगेतल्या बाराव्या जागेकडे,
आणि पुढे चारच विमानं उरली
की दोन नंबरचं जागं करायचे.
ती कंपनी दोनदा बुडता बुडता वाचली होती म्हणे.
दोनदा पगार कापलेला माणूस
टाकीच्या काट्याकडे बघतो ते वेगळंच.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.
इथे कंपनी मेली.
खोड राहिली.

त्यांच्यातला कॅप्टन व्हर्लिन हॉगन.
चाकं थांबली की त्याचं पहिलं वाक्य :
'वायर दे, ओझेल.'
शेपटीतलं छोटं इंजिन
त्याला एक मिनिटही फुकट चालवायचं नसे.
जमिनीवरची वीज, मनगटाएवढी जाड केबल,
मी ओढत न्यायचो.
इंधन त्याचं वाचायचं, कंबर माझी जायची.
तरी न्यायचो.
तेवढ्या उन्हात तो मला नावानं हाक मारायचा.

मग ज्येष्ठतेची यादी आली.
एका रात्रीत अकराशे चाळीस माणसं त्याच्या पुढे,
त्यातली काही त्याच्या मुलीच्या वयाची.
सकाळी फार्गोची फेरी.
'दोन्ही लावतोय,' हेडसेटमध्ये.
मला वाटलं, चुकून.

चुकून नव्हतं.
रिकाम्या विमानात चाळीस-चाळीस मिनिटं
शेपटी घोंघावत ठेवायचा.
'वायर?' मी विचारायचो.
'राहू दे.'
कुणी जाब विचारला तर शब्द तयार होता : सुरक्षितता.
त्या शब्दाला दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही.
जेवणाच्या खोलीत फलक लागला होता,
या महिन्यात इतके गॅलन, शेजारी हिरवं पान.
पान तेच राहिलं, आकडा उतरत गेला.
माझी कंबर मात्र बरी झाली,
हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

आणि त्याच दिवसांत आमची रोझलिन टिडवेल
प्लास्टिकमध्ये मढवलेल्या कार्डावरून
एक इंजिन शिकत होती.
वळणावर थबकायची, जरा जास्त रेटायची,
माझी टोपी दोनदा उडवली तिनं.
माफी मागायची, पुन्हा कार्ड वाचायची.

ऑक्टोबरात फेऱ्या कापल्या.
बाराची रांग दोनवर आली.
गेटपासून धावपट्टीपर्यंत पाच मिनिटं,
एक लावा, दोन लावा,
वाचवायला काही उरलंच नाही.

त्या आठवड्यातली एक संध्याकाळ. हॉगन उतरला.
इंधनाच्या टँकरपाशी विमान वळलं
आणि आवाज अर्धा झाला.
दोन नंबरचं बंद.
शेपटीही गप्प.
डावं इंजिन तेवढं चालू,
माझ्या वायरची वाट बघत.
मी केबल ओढली. कंबर ओळखीचं दुखली.

'आज एकच, कॅप्टन?'

थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणाला,
'राग धरायचं हात विसरला, ओझेल.
उद्या आठवेल.'